कादंबरी आणि तिचा चित्रपट : निष्ठेचा आग्रह व लोकप्रियतेचे मोल

प्रास्ताविक

गाजलेल्या साहित्यकृतीवर आधारलेला चित्रपट प्रदर्शित झाला की दोन प्रश्नांभोवती वाद रंगतो. चित्रपट मूळ पुस्तकाशी प्रामाणिक आहे काय, हा पहिला प्रश्न; आणि त्याचा एवढा गाजावाजा व्हावा असे त्यात खरोखरच काही आहे काय, हा दुसरा. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर हे वाद जितक्या आवेशाने होतात तितक्याच आवेशाने ते प्राध्यापक-कक्षातही होतात. फरक असलाच तर एवढाच की, कट्ट्यावरची मंडळी आपण आवडीनिवडीबद्दल बोलत आहोत हे मोकळेपणाने मान्य करतात.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते एका उत्तरपत्रिकेमुळे. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवसांत इंग्रजी विभागातील एका सहकाऱ्यांनी ती समोर ठेवली. आर. के. नारायण यांच्या 'द गाइड' (१९५८) या कादंबरीच्या शेवटाचे विवेचन करा, असा प्रश्न होता. विद्यार्थ्याने नेटक्या शब्दांत लिहिले होते की, राजूच्या उपोषणाला यश येते, धो धो पाऊस कोसळतो, दुष्काळ हटतो आणि राजू कृतार्थपणे देह ठेवतो. हा शेवट विजय आनंद यांनी दिग्दर्शित केलेल्या १९६५ च्या 'गाइड' या हिंदी चित्रपटाचा आहे. कादंबरीत असे काही घडत नाही. तेथे उपासाने खंगलेला राजू गावकऱ्यांच्या आधाराने नदीच्या पात्रात उभा राहतो, डोंगरात पाऊस होत असल्याची जाणीव आपल्या पायांना होते आहे असे वेलनला सांगतो आणि खाली कोसळतो. पाऊस खरोखर आला, की तो उपाशी देहाचा भास होता; राजू मेला, की केवळ ग्लानीत गेला; तो साधू झाला, की अखेरपर्यंत सोंगच वठवीत राहिला, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नारायण देत नाहीत. कादंबरीचे सारे बळ त्या न दिलेल्या उत्तरात आहे.

सहकाऱ्यांचा प्रश्न साधा होता : गुण किती द्यायचे? विद्यार्थ्याने कादंबरी वाचलेली नव्हती हे उघड होते. परंतु त्याने जे लिहिले ते निव्वळ अज्ञानही नव्हते. त्याच कथेची लक्षावधी लोकांच्या मनात रुजलेली एक आवृत्ती त्याने प्रामाणिकपणे उतरविली होती. गुणांच्या त्या प्रश्नामागे माध्यमांतराचा सबंध प्रश्न उभा आहे. त्याचे काही पैलू प्रामुख्याने मराठी उदाहरणांच्या आधारे उलगडून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. नाटकांवरून निघालेले चित्रपट जाणीवपूर्वक बाजूला ठेवले आहेत. नाटक मुळातच डोळ्यांसाठी आणि कानांसाठी लिहिलेले असल्याने त्याच्या अडचणी निराळ्या असतात.

निष्ठा नेमकी कशाशी?

माध्यमांतराच्या अभ्यासात जॉर्ज ब्लूस्टोन यांचा 'नॉव्हेल्स इंटू फिल्म' (१९५७) हा ग्रंथ आरंभबिंदू मानला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, शब्द मनात कल्पना जागवितो, तर चित्र डोळ्यांपुढे प्रत्यक्ष वस्तू ठेवते. शब्दाचे माध्यम सोडले की बदल अटळ होतात; म्हणून चित्रपट कादंबरीसारखा का नाही ही तक्रारच गैरलागू ठरते. त्याच्या तीन वर्षे आधी, १९५४ मध्ये, फ्रान्स्वा त्रुफो यांनी फ्रेंच चित्रपटसृष्टीतील प्रतिष्ठित पटकथाकारांवर कडाडून टीका केली होती. कादंबरीतील जे प्रसंग चित्रित होण्याजोगे नाहीत असे या पटकथाकारांना वाटे, त्यांच्या जागी ते स्वतः रचलेले 'समतुल्य' प्रसंग घालीत आणि वर मूळ कृतीच्या आत्म्याशी आपण प्रामाणिक राहिलो असा दावा करीत. त्रुफो यांना हा दावा दांभिक वाटला. लिंडा हचन यांनी 'अ थिअरी ऑफ अ‍ॅडॅप्टेशन' (२००६) मध्ये आणखी पुढे जाऊन रूपांतर ही दुय्यम निर्मिती नव्हेच, असे प्रतिपादन केले. मूळ कृती ठाऊक असलेला प्रेक्षक आणि ठाऊक नसलेला प्रेक्षक एकाच पडद्यावर दोन वेगळ्या गोष्टी पाहत असतात, हा त्यांचा मुद्दा विशेष उपयोगाचा आहे.

हे सारे मान्य केले तरी वाचकाची हळहळ शिल्लक राहतेच. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) वाचलेल्या प्रत्येकाने आपापल्या वर्गातील एखाद्या मुलीचा चेहरा शिरोडकरला दिलेला असतो. चित्रपट तिला एकच चेहरा देतो. ही हानी अटळ आहे. तीबद्दल दिग्दर्शकाला दोष देणे म्हणजे पाऊस ओला का आहे असे विचारणे होय. तथापि, सर्वच हानी या जातीची नसते. अटळ हानी आणि टाळता आली असती अशी हानी यांत भेद न केल्यामुळे निष्ठेचा वाद वर्षानुवर्षे त्याच जागी फिरत राहिला आहे. अभ्यासक निष्ठेची मागणी भाबडी म्हणून निकालात काढतात आणि वाचक अभ्यासकांना रुक्ष म्हणून सोडून देतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या वादात सामान्य वाचकाची बाजू समजली जाते त्याहून अधिक सबळ आहे. त्याचे काहीतरी हरवलेले असते हे खरेच. पण तो ते चुकीच्या ठिकाणी शोधतो. गाळलेले प्रसंग, बदललेले शेवट, वगळलेली पात्रे यांची तो यादी करतो. बहुधा हरवलेला असतो तो निवेदक.

निवेदकाचे काय होते?

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुस्तकाची रचना बेचाळीस रात्रींची आहे. आश्रमातील सोबत्यांना प्रौढ झालेला श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. आई केव्हाच गेलेली आहे. त्यामुळे पुस्तकातील प्रत्येक प्रसंगावर दोन प्रकाश पडतात : त्या वेळी ते पोराला कसे वाटले याचा, आणि आज ते मागे वळून पाहणाऱ्याला कसे वाटते याचा. पोहायला जायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला आई शिमटीने मारते, हा प्रसंग सर्वांना आठवत असेल. वाचताना ती शिमटी आपल्याला कृतज्ञतेच्या काचेतून दिसते. कारण मार खाल्लेला मुलगाच मोठा होऊन त्या माराचे ऋण मानतो आहे. पडद्यावर मात्र शिमटी ही शिमटीच असते. ती उगारली जाते, मूल रडते, प्रेक्षकाच्या अंगावर वळ उठतो.

आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये केलेल्या चित्रपटात या अडचणीवर वनमाला यांच्या अभिनयाने मात केली, असे म्हणावेसे वाटते. मारणाऱ्या हाताची वेदना त्या चेहऱ्यावर दिसत राहते. निवेदकाच्या शब्दाने जे काम केले असते ते येथे नटीचा चेहरा करतो. हे खरे माध्यमांतर होय. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच्या कीर्तीबद्दल बोलायचे तर पुढील कित्येक पिढ्यांना पुस्तकाआधी तोच भेटला. सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला. तो कृष्णधवल ठेवला, आणि ओम भूतकर यांच्या रूपाने साने गुरुजींचे प्रौढ व्यक्तिमत्त्वच पडद्यावर आणून सांगणाऱ्याला त्याची जागा परत दिली. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकस्मृतीत त्याला कोणती जागा मिळेल हे अद्याप ठरायचे आहे. परंतु दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले असता एक गोष्ट ध्यानात येते : अत्रे यांना आई दाखवायची होती, डहाके यांना आईची आठवण काढणारा मुलगा दाखवायचा होता. पुस्तकात दोन्ही आहेत. मग अधिक निष्ठावान कोण?

याच डहाके यांनी त्यापूर्वी 'शाळा'चे रूपांतर केले होते. अविनाश देशपांडे निगडी यांच्या पटकथेला रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१२ च्या जानेवारीत तो चित्रपटगृहांत आला. 'शाळा' या कादंबरीचे भाग्य असे की तिच्यावरून 'ग म भ न' हे नाटक झाले, 'हमने जीना सीख लिया' हा हिंदी चित्रपट झाला आणि मग हा मराठी चित्रपट. सुमारे तीनशे पानांच्या या कादंबरीत घटना म्हणाव्यात अशा फारच थोड्या आहेत. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे तीन मित्र, एक मुलगी, आणि पार्श्वभूमीला आणीबाणीचा काळ. कादंबरी उभी आहे ती मुकुंदाच्या बोलण्यावर. शिक्षक, पालक, पुढारी, मित्र, मुली या सर्वांविषयी त्याच्याजवळ एक मत तयार असते आणि ते बहुधा अर्धे खरे, अर्धे ऐकीव असते. वाचक हसतो तो या मतांना. अर्ध्याकच्च्या वयाचा हा निवेदक स्वतःला फार शहाणा समजतो, आणि लेखक त्याच्या पाठीमागून आपल्याला डोळा मिचकावीत असतो.

चित्रपटात ही मते जवळजवळ नाहीशी होतात. उरतात त्या नजरा, रस्ते, वर्गातले बाक, हिरवा निसर्ग. चित्रपट सुंदर आहे. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांनी आपल्या वयाला न शोभणारे असे काही केलेले नाही, आणि ही आपल्या चित्रपटांत दुर्मिळ गोष्ट आहे. परंतु कादंबरीत जे विनोदाने पोखरलेले होते ते चित्रपटात हळवे होते. 'कादंबरीची मजा नाही आली' असे विद्यार्थी म्हणतात तेव्हा ते हेच सांगत असतात. विचारून पाहिले तर मात्र ते गाळलेल्या प्रसंगांची नावे घेतात.

दोन कादंबऱ्या, एक चित्रपट

निष्ठेच्या प्रश्नाची एक गंमत अशी की, मूळ कृती एकाऐवजी दोन असल्या तर तो प्रश्न कोणी विचारीतच नाही. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) हा अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकर यांनी बेतलेला चित्रपट. दोन कादंबऱ्यांचा ऐवज एका चित्रपटात मावणे अशक्यच होते; काटछाट निर्दय झाली. तरीही तेथे कोणी वाचकाने फसवणुकीची तक्रार केल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही. याचे कारण केवळ दोन पुस्तकांच्या सरमिसळीत नाही. निळू फुले यांनी उभा केलेला पत्रकार दिगू टिपणीस हा निवेदकाची जागा घेतो. सत्तेचा खेळ आपण त्याच्या थकलेल्या डोळ्यांनी पाहतो, आणि अखेरीस त्याच्या त्या वेडसर हास्यात कादंबरीकाराच्या उपरोधाची कित्येक पाने सामावतात.

'जोगवा' (२००९) हे याहून विलक्षण उदाहरण. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या त्याच्या मुळाशी आहेत. एक जोगतिणीची कहाणी आहे, दुसरी जोगत्याची. देवाला सोडलेल्या या दोन माणसांच्या वाट्याला आपापल्या कादंबरीत पराकोटीचे एकाकीपण येते. राजीव पाटील यांच्या चित्रपटात सुली आणि तायप्पा यांची गाठ पडते. प्रत्येक कादंबरीत ज्याची उणीव होती ते माणूस दुसऱ्या कादंबरीत होते, आणि चित्रपटाने त्यांना एकमेकांकडे आणून सोडले. शुद्धतावाद्याच्या दृष्टीने हा कादंबरीकाराच्या दाहक वास्तवाशी केलेला समझोता ठरेल. प्रस्तुत लेखकाला तो एका संवेदनशील वाचकाने पाहिलेल्या स्वप्नासारखा वाटतो. मात्र हेही नमूद केले पाहिजे की, सुटकेची वाट दिसल्यामुळे प्रेक्षक चित्रपटगृहातून जितका हलका होऊन बाहेर पडतो, तितका हलका होण्याची मुभा गवस यांचा वाचक स्वतःला देऊ शकत नाही.

गाजावाजा कशाचा?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. प्रसिद्धीचा गाजावाजा हा शब्दप्रयोग आपण सामान्यतः तुच्छतेने करतो. जाहिरात, वाहिन्यांवरील मुलाखती, गाण्यांचा सततचा मारा, या साऱ्यांनी गर्दी जमविता येते हे खरे आहे. परंतु विकत घेतलेली गर्दी पहिल्या आठवड्याची असते. चौथ्या आठवड्यात येणारा प्रेक्षक शेजाऱ्याच्या सांगण्यावरून येतो, त्याला कोणी पैसे दिलेले नसतात. त्यामुळे लोकप्रियता हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे आणि गुणहीनतेचा पुरावाही नव्हे. तिचे स्पष्टीकरण शोधावे लागते. चित्रपट लोकांना आवडला, यापेक्षा त्यातील नेमके काय आवडले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

'नटरंग'च्या संदर्भात हा प्रश्न विचारून पाहू. आनंद यादव यांच्या १९७८ च्या कादंबरीवरील रवी जाधव यांचा हा पहिलाच चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला आणि मराठी चित्रपटाकडे पाठ फिरविलेला प्रेक्षक त्याने परत आणला. कथा गुणा कागलकर या शेतमजुराची. पहिलवानी बांध्याच्या या रांगड्या माणसाला तमाशाचे वेड असते. तो फड उभा करतो, परंतु नाच्याची भूमिका करायला कोणी तयार होत नाही तेव्हा ती त्यालाच पत्करावी लागते. कलेसाठी त्याने पुरुषपणाचा बाह्य आविष्कार उतरवून ठेवला की गाव, घर आणि अखेर त्याचे शरीरही त्याची किंमत मोजते. अतुल कुलकर्णी यांनी आधी पहिलवानासाठी वजन वाढविले आणि मग नाच्यासाठी ते उतरविले. कादंबरीने पानोपानी सांगितलेले स्थित्यंतर येथे एका देहावर दिसते. शब्दाला जे कधीच जमणार नाही असे काही चित्रपटाने केले असेल, तर ते हेच. तेवढ्यापुरता गाजावाजा पूर्णपणे रास्त होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तथापि गर्दीचे सारे प्रेम तेथे गेले नाही. अजय-अतुल यांचे संगीत आणि त्यावरील लावण्या घरोघरी पोचल्या. लग्नाच्या वरातीत, गणेशोत्सवात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत त्या वाजल्या आणि नाचल्या गेल्या. त्यांत चूक काहीच नाही, संगीत उत्तमच आहे. पण कादंबरीचा विषय आठवावा. ज्या प्रेक्षकाला फडात फक्त नाचणारी बाई हवी असते आणि नाच्या हा केवळ टवाळीचा विषय वाटतो, त्या प्रेक्षकाच्या नजरेने गुणाचा बळी घेतला आहे. चित्रपटाच्या प्रसिद्धीने नेमकी तीच नजर जागविली. पडद्यावरील गावकरी ज्यासाठी तंबूत शिट्ट्या मारीत होते, त्यासाठीच चित्रपटगृहातही शिट्ट्या वाजल्या. त्या वर्षी कोणत्याही स्नेहसंमेलनात नाच्याची भूमिका करायला पुढे आलेला मुलगा प्रस्तुत लेखकाने पाहिला नाही. अखेरीस गुणाला जीवनगौरवाचा सन्मान मिळतो आणि कादंबरीतील शोकात्म सुरावर उजेड पडतो. हा बदल अनेक समीक्षकांना खटकला. प्रस्तुत लेखकाला त्याहून लावणीचा उजेड अधिक खटकतो, कारण शेवट एकदाच पाहिला जातो आणि गाणे रोज वाजते.

'दुनियादारी'चे प्रकरण याच्या नेमके उलटे आहे. सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांची ही कादंबरी १९८२ ची. शिरवळकर हे वाचनालयांचे लेखक होते. त्यांच्या रहस्यकथांच्या प्रती हातोहात फिरून खिळखिळ्या होत. विद्यापीठीय समीक्षेने मात्र त्यांची फारशी दखल घेतली नाही. 'दुनियादारी' महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी पाठ्यपुस्तकाखाली लपवून वाचली. संजय जाधव यांचा चित्रपट जुलै २०१३ मध्ये आला तेव्हा लेखकाच्या निधनाला दहा वर्षे झाली होती. चित्रपटाने अफाट गर्दी खेचली. पुढच्याच महिन्यात 'चेन्नई एक्सप्रेस' या हिंदी चित्रपटासाठी त्याचे पडदे काढून घेण्यावरून राजकीय वादही झाला, आणि एक प्रेमकथा काही दिवस मराठी अस्मितेचा विषय झाली. इतक्या कल्लोळात चित्रपटाविषयी शांतपणे काही बोलणे अवघडच होते.

तरीही एक आवाज त्यातून स्पष्ट ऐकू येत होता. तो कादंबरीच्या जुन्या वाचकांचा होता आणि तो दुखावलेला होता. शेवट बदलला, श्रेयस असा नव्हता, दिग्या असा बोलत नसे, एम. के. श्रोत्रींची कहाणी अशी उथळ नव्हती. हे बोलणारे लोक साहित्याचे प्राध्यापक नव्हते. बँकेत, विमा कार्यालयात, दुकानात काम करणारी चाळिशी-पन्नाशीची माणसे होती. निष्ठेचा आग्रह अभिजात कृतींच्या बाबतीत धरला जातो अशी आपली समजूत असते. येथे मात्र ज्या कादंबरीला समीक्षेने कधी दारात उभे केले नाही तिच्या शब्दाशब्दाबद्दल लोक भांडत होते. निष्ठेची मागणी कृतीच्या प्रतिष्ठेतून येत नाही. ती वाचकाच्या आयुष्यात त्या कृतीने व्यापलेल्या जागेतून येते. 'नटरंग'चा मान अभ्यासकांत मोठा, परंतु चित्रपटातील बदलांबद्दल तेवढ्या पोटतिडकीने बोलणारी माणसे प्रस्तुत लेखकाला अपवादानेच भेटली.

या जुन्या वाचकांचे म्हणणे बरोबर होते काय? काही अंशी निश्चितच. शिरवळकरांची कादंबरी कट्ट्यावर रेंगाळते. तिच्यात निरर्थक वाटणाऱ्या गप्पा पानेच्या पाने चालतात, आणि त्या गप्पांतूनच मैत्रीचा काळ कसा नकळत वाहून जातो हे कळते. चित्रपटाला रेंगाळणे परवडत नाही. जितेंद्र जोशी यांच्या साईनाथने तालबद्ध संवादांवर टाळ्या घेतल्या, अंकुश चौधरी यांच्या दिग्याने शिट्ट्या घेतल्या, आणि रिकामा वेळ नाहीसा झाला. रिकामा वेळ हाच त्या कादंबरीचा खरा निवेदक होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दुसरीकडे, ज्यांनी कादंबरीचे नावही ऐकले नव्हते अशी विशीतील मुले चित्रपटानंतर ग्रंथालयात तिची मागणी करू लागली. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तेव्हा तिची एकही प्रत नव्हती. ग्रंथपालांनी दोन प्रती मागविल्या. वर्षभरात एक हरवली आणि दुसरीची पाने सुटली. गाजावाजाच्या बाजूने एवढा पुरावा प्रस्तुत लेखकाला पुरेसा वाटतो.

लेखकाचे गाऱ्हाणे

मूळ लेखकाला काय वाटते, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, शिरवळकर २००३ मध्ये. त्यांची मते कळण्याचा मार्ग नव्हता. नारायण मात्र हयात होते आणि त्यांनी 'गाइड'च्या निर्मितीवर 'मिसगाइडेड गाइड' या नावाचा एक मिस्कील, कडवट लेख लिहिला. त्यांनी निर्मात्यांना दक्षिणेकडील ते ठिकाण नेऊन दाखविले होते, जिच्यातून मालगुडी घडली होती. चित्रीकरण झाले राजस्थानात, कारण मोठ्या पडद्याला आणि रंगीत फितीला भव्यता हवी होती. लहानशा गावाची कथा राजवाड्यांच्या सावलीत गेली. इंग्रजी आवृत्तीच्या पटकथेत पर्ल बक यांच्यासारख्या नोबेल-विजेत्या लेखिकेचा हात होता, पण ती आवृत्ती अपयशी ठरली. हिंदी आवृत्तीला चार प्रमुख फिल्मफेअर पुरस्कार मिळाले आणि सचिनदेव बर्मन यांच्या संगीतासह ती आजही ताजी आहे.

येथे मत देणे प्रस्तुत लेखकाला सर्वांत अवघड जाते. नारायण यांचे गाऱ्हाणे शंभर टक्के खरे आहे. त्यांचा राजू हा गोड बोलून निभावून नेणारा, लोकांना हवे ते होणारा माणूस आहे, आणि लेखक त्याच्याकडे हसऱ्या तटस्थतेने पाहतो. चित्रपटात ती तटस्थता नाही. देव आनंद यांचा राजू प्रेक्षकाचे प्रेम मागतो आणि मिळवितो. आणि तरीही वहिदा रहमान यांची रोझी नवऱ्याचे घर सोडून घुंगरू हातात घेते तेव्हा १९६५ च्या भारतीय पडद्यावर एका विवाहित स्त्रीने जे केले ते, कादंबरीत असूनही, कादंबरीत इतक्या मोठ्याने झाले नव्हते. पावसाने नारायण यांचा प्रश्न पुसून टाकला, पण रोझीचा प्रश्न देशभर पोचविला. हे दोन्ही एकाच चित्रपटाने केले. त्याचा ताळा एका आकड्यात मांडता येत नाही.

वर्गातील उपाय

त्या उत्तरपत्रिकेनंतर आम्ही मराठी व इंग्रजी विभागांच्या वतीने एक छोटा प्रयोग सुरू केला. चित्रपट दाखविणे बंद करण्याची सूचना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी केली होती, ती मागे पडली. त्याऐवजी विद्यार्थ्यांना कादंबरीतील दोन पाने आणि चित्रपटातील तोच प्रसंग एकत्र द्यायचा आणि एवढेच विचारायचे : येथे कोण सांगत आहे, आणि तेथे कोण? काय गाळले, काय घातले, याची यादी करण्यास मनाई. पहिले दोन तास शांततेत जातात. तिसऱ्या तासाला एखादी मुलगी सांगते की, पुस्तकात श्याम मार खाऊन आईची बाजू घेतो आणि चित्रपटात आपण श्यामची बाजू घेतो. दुसरा कोणी म्हणतो की, 'शाळा' वाचताना मुकुंदाला आपण हसतो आणि पाहताना त्याची दया येते. एकदा हे सापडले की चित्रपट श्रेष्ठ की कादंबरी, हा वाद आपोआप मंदावतो आणि मुले पुस्तक पुन्हा उघडतात. सगळीच उघडतात असे नाही.

प्रयोगाची एक मर्यादाही सांगावयास हवी. चित्रपट वाचण्यासाठी जे शिक्षण लागते ते आम्हा भाषेच्या शिक्षकांजवळ पुरेसे नाही. कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे, दृश्य किती वेळ थांबते, शांतता कोठे आहे, हे विद्यार्थी कधी कधी आमच्याआधी ओळखतात. तेव्हा शिक्षकाने वहीत टिपून घेणे हेच योग्य.

राहता राहिला गुणांचा प्रश्न. पाच गुणांचे ते उत्तर होते. सहकाऱ्यांनी प्रथम शून्य दिले होते. बोलता बोलता त्यांनीच कादंबरीचे शेवटचे पान काढून मोठ्याने वाचले, आणि राजूला डोंगरात पाऊस जाणवतो त्या वाक्याशी थांबल्या. विद्यार्थ्याने पाऊस पडतो असे लिहिले ते चूक, कारण कादंबरी तसे सांगत नाही. पण पाऊस पडत नाही असे लिहिणाऱ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी तीन गुण दिले होते, आणि कादंबरी तसेही सांगत नाही. त्यांनी दोन्ही उत्तरपत्रिका पुन्हा शेजारी ठेवल्या, पहिल्यावरचे शून्य खोडून दीड केले आणि दुसऱ्यावरचे तीन खोडून दोन.